मैदानावरची हजेरी

देवगडात आंब्याचा हंगाम संपत आला, की निकालांचा हंगाम सुरू होतो. मेअखेरीस बागांतली शेवटची पेटी रवाना होते, पहिल्या पावसाच्या धास्तीने माणसे शाकारणी उरकून घेतात आणि जूनमध्ये केव्हातरी ‘नीट’चा निकाल लागतो. मग देवगडपासून जामसंड्यापर्यंत अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. घरी पेढे येतात, कुणकेश्वराला नारळ वाढवला जातो. गणपतीच्या आगेमागे प्रवेशाच्या फेऱ्या आटोपतात आणि डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाची किंवा मुलीची बॅग भरली जाते. बॅगेत दोन पांढरे ॲप्रन असतात, जाडजूड पुस्तके असतात, आईने दिलेली कुळथाची पिठी आणि आंबापोळी असते. मैदानावर घालायचे बूट मात्र क्वचितच असतात.

गेली पस्तीस वर्षे मी या भागात दवाखाना चालवतो. त्यामुळे अशी मुले जाण्यापूर्वी आईवडिलांबरोबर माझ्याकडे येतात. ‘‘डॉक्टरांनू, ह्येका जरा सांगा, अभ्यास कसो करूचो तो,’’ अशी विनंती होते. मी विचारतो, ‘‘काय बाबू, तिथे गेल्यावर खेळणार काय?’’ मुलगा कसनुसे हसतो आणि उत्तर वडील देतात : ‘‘खेळ-बिळ मगे, आधी अभ्यास!’’

त्या वडिलांना मी दोष देत नाही. आंब्याच्या एका वाईट मोसमाने किंवा मासेमारीच्या एका खराब वर्षाने घराचे गणित कसे कोलमडते, हे त्यांनी पाहिलेले असते. मुलाला मिळालेली जागा हा सगळ्या घराचा आधार असतो. त्या जागेला धक्का लागू नये, एवढेच त्यांना वाटते. पण खेळ आणि अभ्यास हे एकमेकांचे वैरी आहेत, हा जो समज त्या उत्तरामागे आहे, तो तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे. कारण डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली मुले मनाने थकत चालली आहेत, आणि हे आता खुद्द वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे हाती असलेल्यांनीच मान्य केले आहे.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी एक कृतिदल नेमले होते. त्याचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. देशभरातल्या २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रश्नावलीला उत्तरे दिली. पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे प्रमाण १५.३ टक्के होते. त्याहून गंभीर बाब अशी, की पदवीच्या १६.२ टक्के आणि पदव्युत्तरच्या ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी मनात जीव देण्याचे विचार येऊन गेल्याची कबुली दिली.

अशा पाहणीला मर्यादा असतात, हे मान्य. ज्यांना त्रास होतो तेच उत्तरे द्यायला जास्त पुढे येतात, असेही घडते. परंतु बाहेरच्या जगातले चित्रही फार निराळे नाही. २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ४३ देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणे आढळली होती. त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. ज्यांच्यात ही लक्षणे दिसली, त्यांच्यापैकी उपचार घेणारे केवळ १५.७ टक्के होते. दुसऱ्यांचे आजार ओळखायला शिकणारी, रुग्णालयाच्या आवारातच राहणारी ही मुले. पण स्वतःसाठी जिना उतरून बाह्यरुग्ण विभागापर्यंत जात नाहीत. कोणी पाहिले तर, ‘हा काय डॉक्टर होणार’ असे म्हटले तर, ही भीती पाय धरते.

बसण्याची सुरुवात

हे सारे महाविद्यालयात गेल्यावर सुरू होते असे समजू नये. त्याची सुरुवात दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी होते, असे माझे निरीक्षण आहे.

आमच्याकडचे मूल दहावीपर्यंत पायांनी जगते. ओहोटी लागली की ओल्या, कडक वाळूवर क्रिकेटचा डाव मांडला जातो आणि भरती आली की आपोआप मोडतो. सड्यावर पतंग असतात, मंडळाची कबड्डी असते, आंब्याच्या दिवसांत पेट्या उचलायला हात लागतात, शिमग्यात पालखीबरोबर घरोघर फिरणे असते. ‘व्यायाम’ हा शब्द त्या मुलाला ठाऊक असण्याची गरजच नसते.

मग ते अकरावीत जाते. २०२४ साली ‘नीट’साठी देशभरातून २४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली होती. त्या गर्दीत टिकायचे तर क्लास हवा आणि चांगला क्लास म्हणजे कोल्हापूर, लातूर, मुंबई. मूल घर सोडते आणि दोन वर्षे, कधी तीन वर्षे, खुर्चीत बसते. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, रात्री सराव परीक्षा. रविवारीही परीक्षाच! सतराव्या-अठराव्या वर्षी शरीर ज्या जोमाने वाढते, नेमक्या त्याच वर्षांत त्याला बसायची सवय लावली जाते. वैद्यकीय महाविद्यालयाचा दरवाजा उघडतो तेव्हा आत जाते ते हुशार मूल. पण त्याचे खेळणे दोन वर्षांपूर्वीच सुटलेले असते.

आत काय असते? पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. शवविच्छेदनाचा हॉल, व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि रात्रीचे पाठांतर. गावात पहिला येणारा मुलगा इथे साठावा, सत्तरावा येतो, कारण इथे सगळेच आपापल्या गावातले पहिले असतात. हा धक्का लहान नसतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी ग्रंथ उलगडायला दुप्पट वेळ लागतो. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे, पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा तीच शर्यत. ‘‘काका, खेळूक येळ खंय गावता?’’ असे माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी मला म्हणाला होता. तक्रारीचा सूरही त्यात नव्हता, हेच मला लागले.

बसचा कंडक्टर आणि मेंदू

व्यायामाचे शास्त्र हृदयापासून सुरू झाले आणि मनापर्यंत पोहोचायला त्याला बरीच वर्षे लागली. १९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक साधा प्रश्न मांडला. लंडनच्या दुमजली बसगाडीत चालक दिवसभर बसून असतो आणि वाहक दिवसभर जिने चढतो-उतरतो. दोघांचा वर्ग एक, नोकरी एक. मग हृदयविकार कोणाला जास्त? उत्तर आले : चालकाला. आपल्या एस.टी.त बसल्यावर मला हटकून या अभ्यासाची आठवण होते.

मनाच्या बाबतीत अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ साली झालेला प्रयोग महत्त्वाचा ठरला. नैराश्याने ग्रासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांचे तीन गट करण्यात आले. एकाला औषध, एकाला देखरेखीखाली व्यायाम आणि एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. फक्त औषध घेणाऱ्यांना सुरुवातीला लवकर उतार पडला. नॉर्वेतील सुमारे ३४ हजार प्रौढांची अकरा वर्षे नोंद ठेवणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या संशोधकांचा हिशेब असा, की प्रत्येकाने आठवड्यातून निदान एक तास जरी शारीरिक हालचाल केली असती, तर पुढे उद्भवलेल्या नैराश्यापैकी सुमारे १२ टक्के टळू शकले असते. आठवड्यातून एक तास! दिवसातून नव्हे.

अभ्यासाची काळजी करणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे. नवी माहिती स्मरणात बसवण्याचे काम त्याच्याकडे असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२० वयस्क माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर नियमित चालायला लावले. चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. नुसते ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा वयोमानाप्रमाणे थोडा घटला. ही माणसे वृद्ध होती, विद्यार्थी नव्हती, हे सांगितले पाहिजे. पण पाय हलले की डोक्यातही काही हलते, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते. शिवाय व्यायामाने झोप सुधारते, आणि दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. अर्थात, संध्याकाळी चाळीस मिनिटे खेळलेला मुलगा चाळीस मिनिटांनी मागे पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितले, तेही काही डोंगराएवढे नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चालणे झाले.

रापणीचा दोर

इथपर्यंतचे सगळे कोणीही सुज्ञ वाचक मान्य करील. माझे म्हणणे याच्या पुढचे आहे. मुलांनी नुसता व्यायाम करावा असे मला म्हणायचे नाही. त्यांनी इतरांबरोबर तो करावा, असे म्हणायचे आहे.

२०१७ साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात एक छोटासा अभ्यास झाला, तोही वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच. ६९ विद्यार्थी, बारा आठवडे. काहींनी आठवड्यातून निदान एकदा समूहाने व्यायाम केला, काहींनी एकटे-एकटे, आणि काहींनी विशेष काहीच केले नाही. समूहात व्यायाम करणाऱ्यांचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला. एकट्याने करणाऱ्यांनी व्यायामाला जवळजवळ दुप्पट वेळ दिला. तरी त्यांच्या ताणात लक्षणीय फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, गट मुलांनी स्वतःच निवडले होते. तेव्हा त्यावरून मोठी विधाने करू नयेत. पण वाचताना मला नवल वाटले नाही. आमच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला वाटणारही नाही.

ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात. त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडे दोराला माणसे लागतात. म्हातारे, तरणे, बायका, पोरेसुद्धा. तासन् तास, पाऊल मागे-मागे घेत, एका लयीत दोर ओढला जातो. शेवटी मासळीचे वाटे पडतात आणि दोराला हात लावणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. यांत्रिक मासेमारीच्या रेट्यात रापणी आता पूर्वीसारख्या लागत नाहीत. पण दोर ओढणाऱ्यांची ती रांग ज्याने पाहिली, त्याला एक गोष्ट कळते. रांगेतला एक माणूस आला नाही, तर शेजारच्याच्या हाताला ते लगेच जाणवते. ‘तो खंय रवलो?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतोच.

मैदानी खेळाचा हाच गुण आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. मी १९८०च्या दशकात मुंबईत शिकत होतो. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती, रात्रभर एस.टी.तून हाडे खिळखिळी करून घेत आम्ही जात असू. आमच्या वसतिगृहामागे एका बाजूला लोखंडी खांब आणि दुसऱ्या बाजूला बदामाचे झाड अशी व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली असे. संध्याकाळी साडेपाचला तिथे बारा जण लागत. सहा या अंगाला, सहा त्या अंगाला. धुळ्याचा, वर्ध्याचा, सोलापूरचा, आमचा कोकणातला, असे सगळे. खेळ यथातथाच, आरडाओरडा भरपूर.

आमच्यात मराठवाड्यातला एक जण होता. दुसऱ्या वर्षी तो एका विषयात नापास झाला. त्यानंतर दोन दिवस संध्याकाळी दिसला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही अकराच भरलो, तेव्हा दोघे जण जिना चढून त्याच्या खोलीवर गेले. दार आतून बंद होते. बऱ्याच हाका मारल्यावर उघडले. दोन दिवस तो धड जेवला नव्हता, झोपला नव्हता. त्याने जे सांगितले ते इथे लिहीत नाही. वसतिगृहाच्या वहीत मात्र तो रोज ‘हजर’ होता.

त्याला खाली आणून आम्ही पायरीवर बसवले आणि गुण मोजायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एका वरिष्ठ विद्यार्थ्याने त्याला मानसोपचार विभागात नेले. पुढे कित्येक महिने उपचार चालले. आज तो आपल्या गावाकडे उत्तम व्यवसाय करतो. तो व्हॉलीबॉलने बरा झाला असे मी म्हणणार नाही. तो उपचारांनी बरा झाला. पण तो आजारी आहे हे पहिल्यांदा कळले ते जाळीपाशी. रिकामी राहिलेली एक जागा तेवढी बोलली.

आजची मुले व्यायाम करतच नाहीत असे नाही. काही जण जिममध्ये जातात, कानात गाणी लावून धावपट्ट्यावर धावतात. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगले, आणि ज्याला तेवढेच जमते त्याने ते जरूर करावे. परंतु त्या धावपट्ट्यावरचा मुलगा चार दिवस आला नाही, तर यंत्र विचारपूस करीत नाही.

मैदान कोणाचे?

आता महाविद्यालयांकडे वळू. २०१९ साली एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम लागू झाला तेव्हा आरंभी एक महिन्याचा पायाभूत वर्ग ठेवण्यात आला. त्याच्या मूळ आराखड्यातील १७५ तासांपैकी २२ तास खेळ आणि इतर उपक्रमांसाठी होते. पुढे योगाभ्यासाचीही भर पडली. हे पाऊल स्वागतार्ह होते यात शंका नाही. पण वेळापत्रकात तास छापणे वेगळे आणि तो टिकवणे वेगळे. अंतर्गत परीक्षा जवळ आली, की सर्वांत आधी ज्याचा बळी जातो तो खेळाचा तास! शहरांतल्या जुन्या रुग्णालयांच्या आवारात तर जागेचीच मारामार असते. नवी इमारत हवी असते, वाहनतळ हवा असतो. आणि रिकामी जागा म्हणून सर्वांच्या डोळ्यांसमोर येते ते मैदान.

मुलींचा प्रश्न आणखी अवघड. आज वैद्यकीयच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने आहेत. पण संध्याकाळचे मैदान अजून मुलांचेच असते. दिवे नसतात, बघ्यांची गर्दी असते, वसतिगृहाचे फाटक ठराविक वेळी बंद होते. दहावीपर्यंत शाळेच्या कबड्डी संघात असलेली माझी पुतणी वैद्यकीयला गेल्यावर वर्षभर खोलीतच होती. मग तिने आणि तिच्या पाच-सहा मैत्रिणींनी सकाळी सहाला बॅडमिंटन सुरू केले. जो कोणी उशिरा उठेल त्याने चहा पाजायचा, एवढा एकच नियम. ‘‘काका, उठायला जिवावर येते, पण खाली सगळ्या थांबल्यात म्हणून जावेच लागते,’’ असे ती म्हणते. मला तर यात सगळे शास्त्र आले असे वाटते.

मनावर घेतले तर काय करता येते याचे उदाहरण कोकणातच आहे. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टचे रुग्णालय आहे, वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच संस्थेचे मोठे क्रीडासंकुलही आहे. तिथे शाळकरी मुलामुलींच्या क्रीडास्पर्धा भरतात. रुग्णालय आणि मैदान एकाच संस्थेने उभारावे, यात आरोग्याचा एक पुरता विचार आहे.

आमच्या जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२१-२२ हे शैक्षणिक वर्ष उजाडावे लागले. १०० जागांचे हे महाविद्यालय ओरोसला आहे. पडव्याला खासगी महाविद्यालयही आहे. तोवर इथली मुले मुंबईला, मिरजेला, कोल्हापूरला जात. महाविद्यालय नवे असते तेव्हा त्याच्या रूढी पडायच्या असतात. आमच्याकडे चार महिने पाऊस मैदानावर कोणाला उभे राहू देत नाही. तेव्हा एक छप्पर असलेली मोठी खोली, दोन-तीन टेबल टेनिसची टेबले, बॅडमिंटनचे एक अंगण आणि पाऊस उघडला की पेटणारे चार दिवे, एवढ्यावरही पुष्कळ काही होईल. आणि प्राध्यापकांनी आठवड्यातून एकदा तरी मुलांबरोबर खेळावे. ज्या सरांच्या हातून आपण गुण चोरला, त्यांच्याकडे अडचण सांगायला जाणे सोपे असते.

यात रुग्णांचाही फायदा आहे. अमेरिकेत एरिका फ्रँक यांनी डॉक्टरांच्या सवयींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. स्वतः व्यायाम करणारे डॉक्टर आपल्या रुग्णांना व्यायामाविषयी अधिक सांगतात, असे त्यांना आढळले. मधुमेह आणि रक्तदाब आता गावोगाव आहेत. उद्या देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात बसून ‘रोज चालत जा’ असे सांगणारा डॉक्टर स्वतः चालणारा असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

खेळाने काय होत नाही

मात्र एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. नैराश्य हा आजार आहे. आळस किंवा मनाचा कमकुवतपणा नव्हे. ज्याला खरोखर नैराश्य आले आहे, त्याला ‘उठ, जरा धावून ये’ म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला नाचायला सांगणे होय. झोप उडणे, जेवण तुटणे, फोन टाळणे, आवडत्या गोष्टींतले मन उडणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलणे दोन आठवडे टिकले, तर त्या मुलाला तज्ज्ञाकडेच नेले पाहिजे. जीव देण्याचा विचार बोलून दाखवला, तर दोन आठवडेही थांबायचे नाही. त्याच दिवशी जायचे, आणि त्याला एकटे सोडायचे नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो घरातल्या वहीत लिहून ठेवावा.

तसेच व्यवस्थेचे दोष मुलांच्या व्यायामावर ढकलून चालणार नाही. सलग छत्तीस तास काम केलेल्या निवासी डॉक्टराला मैदानाची नव्हे, झोपेची गरज असते. त्याच २०२४ च्या अहवालात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे, आठवड्यात एक सुट्टी असावी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, असे सुचवले आहे. ७४ तास हेदेखील काही थोडे नव्हेत. पण तेवढी मर्यादा पाळली गेली, तरी खूप मुलांचा श्वास मोकळा होईल.

घरच्यांसाठी थोडे

वाचकहो, मैदाने बांधणे आपल्या हाती नाही, कामाचे तास ठरवणे आपल्या हाती नाही. पण मुलाच्या मनातला अपराधीपणा दूर करणे पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे. खेळायला गेलो तर घरच्यांचा विश्वासघात होईल, असे वाटणारी मुले मी पाहिली आहेत. वडील उन्हात आंब्याला फवारणी करीत असताना आपण बॅडमिंटन कसे खेळायचे, असे त्यांना वाटते. ही जाण चांगली आहे, तिचा अर्थ मात्र चुकीचा निघतो. त्यांना घरातूनच परवानगी मिळाली पाहिजे, आणि ती स्पष्ट शब्दांत मिळाली पाहिजे.

अकरावी-बारावीतल्या मुलांचे खेळणे पूर्ण बंद करू नका. रोजचा अर्धा तास त्यांना द्या, परीक्षेच्या महिन्यातही. वसतिगृहात गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत एखाद्या गटात सामील व्हायला सांगा. ट्रेकिंग असो, ढोल-ताशा असो, सकाळचे चालणे असो. उत्तम खेळता आलेच पाहिजे असे नाही. ज्याला खेळ येत नाही त्याने पंच व्हावे, पाणी द्यावे. रांगेत उभे राहणे महत्त्वाचे.

आणि दर रविवारी फोन कराल तेव्हा प्रश्नांचा क्रम बदला. ‘परीक्षा केव्हा, मार्क किती’ हे नंतर विचारता येईल. आधी विचारा, ‘या आठवड्यात कोणाबरोबर खेळलास?’ त्यावर दोन-चार नावे आली, कोण कसे हरले याच्या गजाली सुरू झाल्या, तर निर्धास्त राहा. एकही नाव आले नाही, आणि पुढच्या रविवारीही आले नाही, तर फोनवर उपदेश करीत बसू नका. एक दिवस सवड काढा, मुलाच्या आवडीची सोलकढी बाटलीत भरून घ्या, आणि नांदगावला किंवा कणकवलीला जाऊन मिळेल ती गाडी पकडा.